भाऊ परब गाडी बिघडवतात

गाडी बिघडली की लोक हळहळतात. आमचे शेजारी भाऊ परब गाडी सुधारली की हळहळतात.

"फार छान चालतेय रे. वाट लागली!"

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पटलं नाही तर तोंडावर विचारायचं, हा माझा स्वभाव. विचारलं. भाऊ म्हणाले, "ग्रॅज्युएट, तू जरा गप ऱ्हव."

मुलुंडच्या आमच्या बैठ्या चाळीच्या टोकाला, पत्र्याच्या शेडखाली, भाऊंची लाल गाडी असते. दोनच माणसांची, उघड्या टपाची, ब्रिटिश बनावटीची. तिचा मूळ मालक परदेशी गेला आणि ती भंगारात निघाली. भाऊंचे थोरले बंधू अण्णा गॅरेजात मेकॅनिक. त्यांनी ती जोडून उभी केली. पुढे अण्णा वारले आणि गाडी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. विक्रोळीच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाल्यावर भाऊंनी ती पुन्हा चालू केली.

तिला दोन कार्बोरेटर. रोज दुपारी भाऊ रबरी नळीचं एक टोक कानात घालतात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतात आणि डोळे मिटून हवा ओढल्याची सूं सूं ऐकतात. आधी पुढचा, मग मागचा. दोन्ही सारखे लागले की कपाळाला हात. मग मागच्याखालचा नट किंचित फिरवून त्याचं पेट्रोल कमी करतात. इंजिन भक् भक् करता करता एक ठोका गाळतं. हवा दमट असेल तर हे सगळं नव्याने.

संध्याकाळी ते गाडी घेऊन गल्लीला वळसा घालतात. कोपऱ्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की सायलेन्सरमधून फट्! त्या आवाजाला चाळीतली जुनी माणसं दारं लोटून घेतात. पलीकडच्या सावंतकाकू एकदा मला म्हणाल्या, "अरे, अंगावर काटा येतो. हुबेहूब."

"काय हुबेहूब?"

काकूंनी दार लोटलं.

मग एका रविवारी वांद्र्याचा एक शौकीन ही गाडी बघायला आला. भाऊ भाजी आणायला गेले तेवढ्यात त्याने, प्रेमाने, दोन्ही कार्बोरेटर जुळवून दिले. भाऊ परतले तर इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं.

"ऐकलंत काका? झकास ना!"

भाऊंच्या हातातली पिशवी खाली आली. शौकीन गेल्यावर म्हणाले, "ग्रॅज्युएट, नळी धर. काळोख व्हायच्या आत अण्णा येऊक व्हयो."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तरी नळी कानात घालण्याआधी एकदा मागे वळून पाहिलं.

कानात सूं सूं चालू होती. कोणीतरी झोपेत श्वास घ्यावा तशी. भाऊ नट फिरवत होते, घाम पुसत होते. "नाय, हा तो नाय." पुन्हा फिरवत होते. शेवटी एक ठोका गळला. भाऊ मान डोलवत म्हणाले, "इलो."

मला शेजारी बसवून त्यांनी वळसा घातला. कोपऱ्यावर फट्! दारं लागली. भाऊंच्या खोलीत दिवा नव्हता. त्या अंधारातून एक बारीक, आनंदी आवाज आला, "अण्णा इलो गो!"

भाऊंची आई. नव्वदीची. बोलण्यावरून माणूस ओळखत नाही, येण्याच्या आवाजावरून ओळखते. अण्णा आल्याशिवाय घास घेत नाही. दिवा लावला तर चेहरा दिसेल, म्हणून भाऊ रोज अंधारातच तिला भरवतात. मी उंबऱ्यावर थांबलो.

"आज उशीर केलंस."

"काम होता गो आये. आ कर."

"भाव खंय?"

भाऊ कुठे आहे, हे ती भाऊंनाच विचारत होती.

"अण्णा, भाव खंय रवलो? तू रोज येतंस, तो येणा नाय. तो इल्याशिवाय मी जेवचंय नाय."

"येतलो गो. तू खा आधी."

"नाय."

भाऊंनी पुन्हा घास पुढे केला. तिने तोंड मिटून घेतलं असावं, कारण ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. ते बाहेर येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसले.

"अण्णा गाडी घेऊन कसा यायचा, ते माझ्या ध्यानात पक्कं होतं," ते म्हणाले. "मी कारखान्यातून नुसता चालत यायचो रे. चालत येणाऱ्याचा काय आवाज असतो?"



भाऊ उठले, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि दारापर्यंत चालत आले. थांबून ऐकलं. आतून काही नाही.

ते पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेले आणि या वेळी जरा पाय घासत आले.