रॅकचं नाव : काकांना विचारा

रजेचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा काकांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि स्क्रीनवरच्या ओळीखाली बोट फिरवत ती वाचली. 'अर्ज नामंजूर. आपल्यावर माल आहे.'

"माझ्यावर?" काकांनी स्वतःकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. शर्टाच्या खिशात एक पेन होतं आणि एक रबरी वायसर. त्यांनी वायसर काढून टेबलावर ठेवला आणि अर्ज चौथ्यांदा पाठवला. तो चौथ्यांदा परत आला.

काका पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. कुठला बोल्ट कुठल्या खोक्यात, कुठलं बेअरिंग कुठल्या कोपऱ्यात, हे सगळं त्यांच्या डोक्यात. सगळेच त्यांना काका म्हणत, त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा. त्यामुळे पुढेपुढे ते स्वतःही स्वतःला काकाच म्हणू लागले होते. रजिस्टरमध्ये 'वस्तू कुठे ठेवली आहे' असा एक रकाना होता. पहिली दोन वर्षं काकांनी तो इमानेइतबारे भरला. मग दर साफसफाईला वस्तू जागा बदलायच्या, खाडाखोड व्हायची, म्हणून त्यांनी एक सोपा मजकूर शोधून काढला. 'काकांना विचारा.' त्याखाली 'सदर', त्याखाली 'सदर', आणि मग एकोणतीस वर्षं नुसता 'सदर'.

दोन महिन्यांपूर्वी कारखान्यात सिस्टीम आली आणि तिच्याबरोबर एक मॅडम आल्या. मॅडम हुशार होत्या, कष्टाळू होत्या, आणि कागदावर लिहिलेलं सगळं खरं मानणाऱ्या होत्या. सिस्टीमला प्रत्येक वस्तूची जागा हवी होती, आणि रजिस्टरमध्ये तर जागा स्वच्छ अक्षरात लिहिलेली होती. मॅडमनी 'काकांना विचारा' नावाचा एक रॅक तयार केला. त्यात एक हजार चारशे बारा वस्तू गेल्या. रॅकचा जबाबदार माणूस म्हणून त्यांनी अर्थातच काकांचं नाव घातलं.

"म्हणजे मी रॅक आहे?" काकांनी मॅडमना विचारलं.

"तसं नाही हो काका. रॅक वेगळा, तुम्ही वेगळे."

"मग तो रॅक आहे कुठे?"

मॅडमनी मान वर करून गोडाऊनभर नजर टाकली आणि ती शेवटी काकांवर येऊन थांबली. "तसं पाहिलं तर... इथेच," त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर काकांना आधी बरंच वाटलं होतं. कारखान्यातला सगळ्यात मोठा रॅक ते होते. भिंतीला टेकलेल्या लोखंडी रॅकांवर सगळं मिळून तीनशे वस्तू नव्हत्या. पण रॅक म्हटला की त्याला बारकोड आला. तो चिकटवायचा कुठे, यावर बराच खल झाला आणि शेवटी तो काकांच्या खिशावर चिकटवण्यात आला. आता कामगार आला की हातातलं यंत्र काकांच्या छातीला लावायचा, बीप वाजायचं आणि मग तो विचारायचा, "काका, अर्ध्या इंचाचं सील कुठे?" एकदा फोरमननी घाईत नुसतंच विचारलं, तर काका ताठ बसून म्हणाले, "आधी बीप करा. मग विचारा."

बारकोड लागला त्याच आठवड्यात सिस्टीमनेच साहेबांना इशारा पाठवला होता की या रॅकवर सहा टन माल असून तो कधीही कोसळू शकतो. साहेबांनी काकांना बसायला हातांची खुर्ची दिली. काका दुपारी डबा खायला गेले की 'रॅक जागेवर नाही' असा दुसरा इशारा यायचा, म्हणून मग डबाही त्याच खुर्चीवर.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण काकांच्या लेकीला मुलगी झाली होती. काकू तीन आठवड्यांपूर्वीच तिच्याकडे गेल्या होत्या आणि काका एकटे घरी होते. एकटे म्हणजे फोनसह.

"अगं, साखर कुठाय?"

"निळ्या डब्यात."

"निळे दोन आहेत."

"मोठ्या निळ्या डब्यामागचा छोटा निळा. आणि अहो, टॉवेल कपाटात खालच्या कप्प्यात आहे. आता दहा मिनिटांनी त्यासाठी फोन करू नका."

शेवटी लेकीनेच फोन घेतला. "बाबा, सगळे येऊन बघून गेले तिला. शेजारची मांजरसुद्धा खिडकीतून बघून गेली. तुम्ही कधी येताय?"

"शुक्रवारी. पाचची बस. तिकीट काढलंय बघ," काका म्हणाले. पुढचे तीन आठवडे कुठल्याच बसला जागा नव्हती, हे त्यांनी सांगितलं नाही. नातीचा फोटो त्यांनी इतक्यांदा मोठा करून पाहिला होता की तिच्या भुवयांचे केसही त्यांना ओळखीचे झाले होते. त्यांना ती आता हातात हवी होती.

काका साहेबांकडे गेले.

"माझ्याकडून हो आहे काका," साहेब म्हणाले. "पण 'मंजूर' हे बटणच उमटत नाही. रॅकवर माल असताना जबाबदार माणसाला सोडता येत नाही म्हणे."

"मग तोंडी द्या."

"तोंडी गेलात तर सिस्टीम समजेल रॅक मालासकट पळवला. चोरीच्या तक्रारीचं पत्र ती आपोआप तयार करते. परवा चुकून तयार केलं होतं, तुम्ही बाथरूमला गेला होतात तेव्हा."

"मग जबाबदारी फोरमनना द्या!"

फोरमनना बोलावलं. नव्या माणसाने सगळा माल डोळ्यांनी पाहून, मोजून, सही करायची होती. फोरमननी काकांच्या टकलाकडे बराच वेळ पाहिलं. "कशावर सही करू? यांच्या डोक्यावर?"

तोडगा मॅडमनी काढला. काकांना रिकामं करायचं. प्रत्येक वस्तू खरोखर जिथे आहे ती जागा नोंदवायची, म्हणजे रॅकवरचा माल आपोआप शून्य होईल. मंगळवारी सकाळी मॅडम यंत्र घेऊन निघाल्या आणि पुढे काका. "पिवळं खोकं, पायरीखाली... हे दोन इंची व्हॉल्व्ह. या पोत्यामागे जुन्या मोटारींच्या गुंडाळ्या. इथे मुंग्या आहेत, जपून." मॅडम टाइप करत होत्या, आकडा उतरत होता. बुधवारी सातशे. गुरुवारी दुपारी नव्वद. कामगारांनी आता काकांकडे येणं सोडलं होतं. ते यंत्र लोखंडी रॅकला लावायचे, बीप वाजायचं, वस्तू घ्यायचे आणि निघून जायचे. काकांना हलकं वाटत होतं. पण एकतीस वर्षं लोक आपल्याला विचारत होते, आता ते पत्र्याला विचारतील, हे त्यांना लागलं.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता आकडा एकवर आला.

"पाना," मॅडमनी वाचलं. "सतरा नंबर, लांब दांड्याचा. नग एक. कुठाय काका?"

काकांनी पायरीकडे बोट केलं, मग पोत्यांकडे, मग छताकडे. एक हजार चारशे अकरा वस्तू सांगून झाल्या होत्या आणि बारावी आठवत नव्हती. पायरीखाली पाहिलं, पोत्यांमागे पाहिलं. फोरमन छतावर चढून आले. साडेतीन वाजले.

"हरवला असं लिहा ना," काका रडवेले झाले.

"लिहिलं तर चौकशी समिती बसते. एकवीस दिवस." मॅडमचाही आवाज बसला होता.

काकांनी खुर्चीत अंग टाकलं आणि तीन आठवड्यांची सवय म्हणून, दुसरं काहीच सुचेना म्हणून, स्पीकरवर फोन लावला. "अगं, सतरा नंबरचा पाना कुठाय?"

हा प्रश्न आपण चुकीच्या माणसाला विचारला, हे त्यांच्या लक्षात येण्याआधीच पलीकडून उत्तर आलं. "स्वयंपाकघराच्या दाराखाली. वाऱ्याने आपटतं म्हणून लावून ठेवलाय. अकरा वर्षांपूर्वी नळ गळत होता तेव्हा तुम्हीच आणला होतात कारखान्यातून. आठवतंय का?"

"हो हो! आठवलं! नळ!"

"नळ अजून गळतोय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

काकांनी शरमेने मान खाली घातली. मागे येऊन उभे राहिलेले साहेब गालातल्या गालात हसले. घरी जाऊन पाना आणायचा तर बस चुकणार होती. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कागदावर नसलेली एक गोष्ट सिस्टीमला सांगितली. त्यांनी नवा रॅक तयार केला. रॅकचं नाव : 'काकूंना विचारा'. माल : नग एक. जबाबदार माणूस म्हणून काकूंचा फोन नंबर हवा होता, तो काकांनी दिला. आणि बटण उमटलं.

बस त्यांना धावतच गाठावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी नात त्यांच्या मांडीवर होती. फोटोतल्यापेक्षा ती बरीच लहान होती आणि कितीतरी जड. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. कारखानाच असणार! शेवटी अडलंच त्यांचं. काकांनी हसत हात पुढे केला, पण वाजत होता तो काकूंचा फोन.

"हो, मीच काकू. बोला मॅडम," काकू म्हणाल्या. "रॅक जागेवर नाही? बरोबर आहे, मी इकडे आहे... परवानगी? माझी मीच घेतली... नोंदलेल्या जागी पाच वस्तू दिसत नाहीत? अहो, फोरमनना सांगा, जिथे शोधून झालंय असं वाटतं तिथेच परत बघा म्हणावं... थांबते, बघू दे त्यांना... काय? चार सापडल्या? बरं, लागलं तर करा फोन."

फोन ठेवून त्या दुधाची बाटली धुवायला वळल्या. इकडे मांडीवरची नात ओली झाली आणि तिने भोकाड पसरलं. काकांची तारांबळ उडाली.

"अगं, हिचं दुपटं कुठाय?"

काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "आधी बीप करा," त्या म्हणाल्या. "मग विचारा."

काकांनी एकदा दाराकडे पाहिलं, लेक ऐकत नाही ना ते. मग रडणाऱ्या नातीला उचलून ते काकूंच्या पाठीशी जाऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "बीप."