भरमाण्णाचा घाम-तपास

निपाणीत उन्हाळा लागला हे आम्हाला पंचांग सांगत नसे. भरमाण्णाचा हात मागून आपल्या कॉलरीत शिरला, पाठीवर उतरला, की समजायचं, लागला! राम राम नाही, 'बरं हाय का' नाही. बोटं उन्हाला धरून न्याहाळायची आणि म्हणायचं, "घाम हाय. आता बापाचं नाव सांग."

माझ्या बापाच्या पंगतीला हा शंभरदा जेवलेला. तरी नाव सांगावंच लागे. जो अडखळला त्याच्या डोक्यावर पाण्याची घागर रिकामी!

जर्मनच्या लढाईत हा गडी जखमींच्या डोल्या वाहायला समुद्रापार, इराकातल्या बसऱ्याला गेलता. बाकीच्यांनी पदकं आणली, यानं ऊन आणलं. "तिथं वाळूत भाकरी भाजायची," असं तो सांगे. मी त्यात कोंबडी घालून पुढं सांगत असे.

एकदा चिकोडीहून आलेला कारकून बापाच्या सवालावर भडकला. "माझा बाप काढतोस?"

"चिडतंय, बरळतंय. डोस्कं तापलंय ह्येचं!" म्हणत भरमाण्णानं दप्तरासकट त्याला न्हाऊ घातलं. वैशाखातल्या एका लग्नात नवऱ्या मुलानं गोंधळून सासऱ्याचं नाव सांगितलं, त्याची मंगलाष्टकं ओल्या फेट्यातच झाली. थंडीतही सुटका नव्हती. काकडलेल्या गड्यापुढं कुणी दारू धरली की हा पेला उडवायचा. "आदी वली कापडं काढा त्येची, मग काय पाजायचं ते पाजा!"

मी त्याची हुबेहूब नक्कल करून गल्ली हसवायचो. सगळ्यात जास्त हसायचा माझा धाकटा भाऊ, बाबू.

तोच बाबू एका दुपारी तंबाखूच्या वखारीत पोती रचता रचता कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, तोंडात भलतीच बडबड, मग तीही थांबली. आमचं वैद्यक ठरलेलं: अंग तापलं म्हणजे ताप, ताप म्हणजे घोंगडं, आणि घाम फुटेस्तोवर दाबून धरायचं. घोंगडं मीच आणलं, मीच दाबलं. एकानं नाकाला पायताण लावलं, दुसरा तोंडात तांब्या ओतायला वाकला.

भरमाण्णा आला तो मला लाथ घालूनच. घोंगडं भिरकावलं. "भावाला मारतोस काय रं? बेसुद मान्साच्या तोंडात पानी वतू नगासा, आंगावर वता! वारा घाला!"

त्यानं बाबूला दारात सावलीला ओढलं, सदरा फाडला, घागरीमागून घागर रिकामी केली. आम्ही चौघं रिकाम्या पोत्यांनी वारा घालत होतो. हा बाबूच्या कानाशी तोंड नेऊन एकच घोकत होता, "बापाचं नाव सांग रं बाळा. बापाचं नाव."

वीस घागरींनंतर (गावात मी दोनशे सांगतो) बाबू पुटपुटला, "आप्पासाब."

ओलं धोतर अंगावर टाकून छकड्यातून त्याला दवाखान्यात पोचवलं. जगला.

संध्याकाळी मी वखारीकडं परतलो, तर भरमाण्णा पायरीवर माझं घोंगडं मांडीवर घेऊन बसला होता. घडी घालायचा, मोडायचा, पुन्हा घालायचा.

"भरमाण्णा, तू नसतास तर..."

त्यानं मान वर केली नाही. "बसऱ्यात आमचा शिरपा असाच पडला. माझ्या पाठचा. मला वाटलं, हिवताप. घरचं घोंगडं हुतं संगं. मीच घातलं, मीच दाबून धरलं. लई येळ."

या गोष्टीत मी आजवर काहीही वाढवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो गल्लीच्या तोंडाशी दिसला. मी पळालो नाही. गळ्याची गुंडी सोडली आणि पाठ करून उभा राहिलो.

हात आत आला. "हाय," तो म्हणाला, "घाम हाय." बापाचं नाव त्यानं विचारलं नाही, मीच सांगितलं. हात मात्र त्यानं जरा उशिरानं काढला.