इनायतुल्लांचा फोन दिवसभर एंगेज

कापसाला भाव मिळेना, तेव्हापासून परतवाड्यात इनायतुल्लांच्या कापडदुकानात गिऱ्हाइकांपेक्षा माश्याच जास्त यायच्या. रिकामा माणूस काय करणार? त्यांनी सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला आणि त्यात बुद्धिबळाचा प्रोग्राम भरला. तो इंटरनेटला जोडून दिला, की परदेशातल्या प्रोग्रामांशी आपला आपण खेळायचा. मालकानं फक्त जिंकल्याचा आनंद मानायचा. (हरला तर दोष प्रोग्रामचा.)

अडचण एकच होती. इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं. ते चालू असेपर्यंत फोन एंगेज, आणि बिल धावत सुटायचं. म्हणून बिल्कीसबींनी नवऱ्याला फक्त रविवार बहाल केला होता, कारण रविवारी फोनचा दर उतरायचा.

नेमका एका रविवारी अकोल्याहून फोन यायचा होता. तिथले गुलफामभाई आपल्या मुलासाठी, शाकीबसाठी, इनायतुल्लांच्या लेकीला, निखतला पाहून गेले होते. हो की नाही, ते दुपारच्या नमाजनंतर कळवणार होते. निखतला मुलगा आवडला होता. आदल्या दिवशी तर तिनं एकाच भाजीत तीनदा मीठ घातलं होतं.

"आज त्या डबड्याले हात लावू नका," बिल्कीसबींनी बजावलं.

इनायतुल्लांनी मान डोलावली. पण एका जर्मन प्रोग्रामशी त्यांचा डाव आधीच ठरला होता. शिवाय परतवाड्याची लाइन दहा मिनिटांवर कधी टिकली आहे? आपोआप तुटेल आणि दुपारी फोन मोकळा होईल. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी कनेक्शन लावलं. तेवढ्यात बायकोची चाहूल लागली, म्हणून घाईघाईनं कॉम्प्युटरवर चादर टाकली आणि साळसूदपणे पुढे फोनजवळ येऊन बसले.

"रिसीव्हर कोनी उचलू नका," वर त्यांनीच हुकूम सोडला. "नेमका तेवढ्यात फोन आला तं?"

दुपार सरली, उन्हं उतरली, पण फोन वाजेना. निखत स्वयंपाकघरात धुतलेल्याच ताटल्या पुन्हा धुऊ लागली.

संध्याकाळी दारात जीप थांबली. घामाघूम गुलफामभाई मिठाईचा डबा घेऊन उतरले.

"इनायतभाई, सकाळपासून फोन लावून रायलो, तं एंगेजच. मी घरी म्हटलं, पोरीले चहूकडून मागन्या येऊन रायल्या, आपन बसून रायलो तं पोरगी हातची जाईल. उठलो अन् आलो. आमचं हो आहे. तुमी कोनाले शब्द तं नाही देल्ला?"

बिल्कीसबींनी एकदा मागच्या खोलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"नाही देल्ला," त्या शांतपणे म्हणाल्या. "जर्मनीवाले लय मागं लागले होते. पन इतक्या दूर पोरगी कोन देते?"

आत निखत खुदकन हसली. ते हसू ऐकून इनायतुल्लांना भरून आलं.

पाहुणे चहा घेत असताना ते हळूच मागे गेले. ज्या डावानं लेकीचं लग्न जमवलं, तो जिंकलो की हरलो, एवढं तरी बघावं. चादर उचलली. लाइन शाबूत होती. जर्मन केव्हाच कंटाळून निघून गेला होता, आणि पडद्यावर सकाळपासून एकच प्रश्न ताटकळत होता: डाव सुरू करायचा का, हो की नाही?

मागे बिल्कीसबी उभ्या होत्या.

"तिकडून मानूस जीपमदी सोताले कोंबून घेऊन हो सांगाले आला," त्या म्हणाल्या, "अन् तुमच्यानं बसल्या जागी एक हो दाबनं झालं नाही."