चौदा आण्यांची रायफल

सोमाजींच्या घरी बारा बोअरची बंदूक होती, म्हणून भैयाजींना रायफल हवी होती. कारण विचारलं की ते रानडुकरांचं नाव पुढे करत. डुकरं होती, खोटं नाही. सावली गावापासून चार कोसांवरच्या त्यांच्या गावाला जंगल लागूनच होतं आणि धान निसवलं की कळप बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, उतरायचा. पण मचाणावर बसलेला राखणदार डोमा घासलेटचा रिकामा पिपा बडवायचा आणि डुकरं आल्या पावली परत जायची. दहा वर्षं हे असंच चाललं होतं. घरातली सात तोंडं त्या धानावर वर्ष काढत आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

मग भैयाजींची लेक कुंता सावलीला सोमाजींची सून झाली, आणि भैयाजींना व्याह्याच्या खुंटीवरची बंदूक दिसली. सोमाजी पाहुण्याला मुद्दाम तिच्या खालीच बसवत. पाहुण्यानं वर पाहिलं नाही तर खाकरत. खाकरूनही पाहिलं नाही तर म्हणत, "बारा बोअर हाय." भैयाजींच्या घशाखाली तिथला घास उतरेना. शेवटी त्यांनी नागपूर गाठलं.

"शिकार कशाची?" बंदुकीच्या दुकानदारानं विचारलं.

"डुकराची."

"मग बारा बोअर न्या, भाऊ. शेतासाठी सारे तेच नेतात."

"ते आमच्या इवायाकडे हाय. मले त्याच्याहून मोठं पायजे. पोलिसाची ते थ्री नॉट थ्री द्या."

"ते फौजेचं हत्यार. घरी ठेवलं तर जेलात जाल. तीनशे पंधरा चालते."

भैयाजींनी मनात आकडेमोड केली. बारा कुठे आणि तीनशे पंधरा कुठे! बाराच्या नळीत अंगठा जातो आणि या रायफलीत करंगळीसुद्धा जात नाही, हे दुकानदारानं त्यांना दोन्ही नळ्या पुढ्यात ठेवून दाखवलं. पण डोळ्यांसमोर आकडा असताना नळी कोण बघतो?

"याच्याहून मोठा आकडा?"

"तीनशे पंच्याहत्तर. पण ती हत्तीची आहे."

"तुमी आमच्याकडलं डुक्कर पाह्यलं नाई," भैयाजी म्हणाले. दुकानदारानं रायफल परत कपाटात ठेवली. आधी लायसन आणा, मग हात लावा, असं म्हणून त्यानं कुलूप घातलं.

जिल्ह्याच्या कचेरीतला कारकून भला माणूस होता. त्यानं समजावून पाहिलं. पीक राखायला बारा बोअर मागितलीत तर पंधरा दिवसांत लायसन मिळेल. साहेब रायफल सहजासहजी देत नाहीत. निम्म्याहून जास्त पीक डुकरांनी खाल्लं, असा पटवाऱ्याचा पंचनामा लागेल. "पूर्ण पीक सोळा आणे धरलं तर नऊ आणे तरी नुकसान दिसायला हवं," तो म्हणाला. आता शहाण्या माणसानं इथेच पागोटं सावरून बारा बोअरचा अर्ज लिहिला असता. भैयाजींनी घरी येऊन पटवाऱ्याला बोलावलं.

पटवारी बांधाबांधानं फिरला. धान कमरेएवढं उभं होतं. त्यानं खाली वाकून पाहिलं, चार पावलं चालून पुन्हा पाहिलं आणि वही मिटली.

"नुकसान एक आणा, भैयाजी. तोबी तुमच्या भिडेखातर."

भैयाजी तडक मचाणाकडे गेले. "डोमा, तू इतका पिपा काऊन बडवतं रे?"

"तुमीच त बसवलं, मालक."

"आजपासून बंद! उतर खाली. तुझ्यापायी माही रायफल अडकली."

दहा वर्षं इमानानं राखण केल्याबद्दल डोमाला मिळालेलं हे बक्षीस. तो पिपा काखेत घेऊन घरी गेला. पण डुकरं भैयाजींपेक्षा हुशार निघाली. पिपा वाजत नाही म्हणजे काही तरी डाव आहे, असं समजून ती चार दिवस फिरकलीच नाहीत. भैयाजी रोज सकाळी आशेनं शेतात जात आणि तोंड पाडून परत येत. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं जंगलाकडचं काट्याचं कुंपण ओढून बाजूला केलं.

मग मात्र कळप आला. पुढे भैयाजींचा चेहरा रोज उजळत गेला. कुणाच्या शेतात डुक्कर शिरलं तर घरात सुतक पडतं, भैयाजी मात्र बाहेरून येऊन लेकाचा निकाल लागल्यासारखे ओरडत, "चार आणे झाले वो!" नंतर सहा. नंतर आठ. त्यांच्या पत्नी गुणाबाई चुलीपुढे ऐकत होत्या. आठ आण्यांवर त्या उठल्या.

"तुमी धान खाऊ घालून राह्यले का बंदूक आणून राह्यले? वर्षभर लेकरं काय खातील? आकडे?"

"रायफल आली का सारं भरून काढतो."

"काढा. पण तलावाखालची दोन आण्यांची बांधी मले द्या. अन् राखणीले डोमाबी द्या."

एवढ्या बांधीनं पंचनाम्याला धक्का लागत नाही, असा हिशेब करून भैयाजी कबूल झाले. गुणाबाईंनी डोमाला परत बोलावलं. त्या बांधीच्या काठावर पुन्हा पिपा वाजू लागला, आणि बाकीच्या शेतात डुकरं निवांत जेवू लागली.

पटवारी आला तेव्हा बांध्यांत नुसता चिखल आणि खुरांचे ठसे होते. "चौदा आणे," त्यानं लिहिलं. त्याला वाईट वाटलं. भैयाजींनी त्याला पोहे खाऊ घातले. लायसन आलं. बैलजोडी विकून भैयाजी नागपूरला गेले, तीनशे पंच्याहत्तर घेऊन मूलच्या स्टेशनावर उतरले आणि वाटेतल्या प्रत्येक गावात भाड्याची बैलगाडी थांबवून पाणी प्यायले. तहान नव्हती. सावलीला सोमाजींना निरोप धाडला, की इवाईबुवा, रविवारी जेवायला या, काही तरी पाहायचं हाय. घरी भिंतीवर नवी खुंटीही ठोकून झाली.

हत्याराची नोंद करायला ते ठाण्यात गेले. ठाणेदारानं रायफल उलटसुलट पाहिली, मग लायसन वाचलं, मग सोबत जोडलेला पंचनामा वाचला.

"हे लायसन पीक राखायचं आहे. पीक उभं असेल तोवरच हत्यार घरी. तुमचं पीक कुठाय?"

"डुकरांनी खाल्लं, साहेब. चौदा आणे. लिवलं हाय न."

"आणि दोन आणे?"

"ते बायकोनं कापून घरी नेलं."

"म्हणजे राखायला काही उरलं नाही. जमा करा. पुढच्या हंगामात धान निसवलं की या."

भैयाजी खूप बोलले. व्याह्याला बोलावलंय, हेही बोलले. ठाणेदारानं रायफलीला चिठ्ठी बांधली, कपाटात ठेवली आणि त्यांना पावती दिली.

रविवारी सोमाजी आले. भैयाजींनी त्यांना खुंटीपासून लांब बसवायचा प्रयत्न केला, पण सवयीनं सोमाजी बरोबर तिच्याच खाली बसले. वर पाहतात तर खुंटीला डोमाचा पिपा टांगलेला.

"हे काय, बाई?" सोमाजींनी गुणाबाईंना विचारलं.

"हत्यार हाय आमचं," गुणाबाई म्हणाल्या. "याले लायसन लागत नाई. यांच्याकडे आकडेवालं होतं, ते ठाण्यात ठेवून आले."

भैयाजींना भूमीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. सोमाजी हसतील म्हणून ते वाट पाहत बसले. पण सोमाजी पिप्याकडेच पाहत होते. मग ते भैयाजींच्या कानाशी आले.

"कोणाले सांगू नका, इवाई. माह्या बंदुकीचा घोडा तीन वर्षांपासून अडकला हाय. दुरुस्तीले नेली त लोकांले समजन. आमचंबी धान डुकरंच खातात. तुमचा डोमा पुढच्या साली दोन महिने देता काय?"

 ज्या बंदुकीपायी भैयाजींनी चौदा आणे धान डुकरांच्या पोटात घातलं, ती दांडक्यापेक्षा जास्त कामाची नव्हती. डोमा ओसरीच्या कडेला बसून सारं ऐकत होता. तलावाखालच्या बांधीचा भात शिजून वाफाळत बाहेर आला, तेव्हा भैयाजींनी पावती खिशात सरकवली आणि आपलं ताट पुढे केलं.

गुणाबाईंनी आधी डोमाला वाढलं.