चिंचेच्या पाण्यातलं पातं

चेतनने गल्लीत छाती ठोकून सांगितलं होतं, ऊन, वारा, पाऊस, समुद्राची खारी हवा, ह्या पात्याला कशानं म्हणजे कशानंच काही होत नाही!

पातं पवनचक्कीचं. म्हणजे त्याचा हातभर लांबीचा नमुना. केळीच्या खोडाचे धागे आणि उसाच्या चिपाडापासून केलेली राळ, असा सगळा मामला. पलसाण्याच्या कारखान्यात चेतनने तो स्वतः घडवला होता. जुन्या पद्धतीची पाती मोडीत निघाली की पुरून टाकण्यावाचून गत नसते. हे मात्र गरम आंबट पाण्यात घातलं की राळ विरघळते, धागे सुटे होतात, आणि दोन्ही परत कामी येतात. पण हे पडलं कंपनीचं गुपित, म्हणून त्याबद्दल त्याने घरीसुद्धा चकार शब्द काढला नव्हता. मजबुतीची परीक्षा पात्याने आधीच पास केली होती. आता ते विरघळतं कसं, हे बघायला उद्या बाहेरचे पाहुणे यायचे होते. ते खूश झाले तर ललितभाई शेठ चेतनला कायम करणार. नाही तर पुन्हा साड्यांच्या गोदामात गाठोडी बांधणं आलं. मग इतकं मोलाचं पातं घरी कशाला आणलं? मिरवायला, दुसरं काय!

पण घरात कानबाई देवीच्या सणाची तयारी चालू होती. कानबाई बसायच्या आधी पर्वत पाटिया वस्तीतल्या त्या दोन खोल्यांतली झाडून सगळी चीजवस्तू धुऊन निघते. चेतनच्या आईने, सुंदराबाईंनी, पितळेची भांडी चिंचेच्या पाण्यात उकळायला टाकली आणि कोपऱ्यातलं ते काळपट पातंही त्यातच सोडलं. पोरगाच म्हणाला होता ना, काही होत नाही म्हणून!

चेतन दाढी करून आला तेव्हा पातेल्यात तांब्या होता, निरंजन होतं, घंटी होती. पातं नव्हतं. त्याच्या जागी घोड्याच्या शेपटीसारखा एक झुबका आणि वर चिकट तवंग.

"आई, पातं कुठंय?"

"धोवाले टाकं व्हतं," सुंदराबाई म्हणाल्या. "सायेबले असं काळं दखाडशी का?"

चेतनला रडू आलं आणि ते त्याने लपवलंही नाही. सुंदराबाईंनाही वाईट वाटलं. त्यांनी झुबका नीट पिळून दोरीवर, त्याच्या बनियनशेजारी, वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो झुबका पिशवीत घालून चेतन कारखान्यात गेला. पाहुण्यांनी पातं मागितलं. त्याने धागे टेबलावर ठेवले आणि झालं ते सांगून टाकलं. ललितभाईंनी डोळेच मिटून घेतले. पाहुणे धाग्यांकडे बघत राहिले, मग एकमेकांकडे. महागडी रसायनं नकोत, यंत्र नको, स्वयंपाकघरातली चिंच पुरते? त्यांनी उठून चेतनचा हात हातात घेतला.

"आ छोकराने पाको करी नाखो," डोळे उघडून ललितभाई मुनीमजींना म्हणाले.

संध्याकाळी चेतन कायम झाल्याचे पेढे घेऊन घरी आला. सुंदराबाईंनी एक देवापुढे ठेवला, डोळे पुसले आणि उरलेले गल्लीत वाटायला निघाल्या. शेजारच्या शांताबाईंनी विचारलं, पेढे कशाचे? चेतन दारातच थांबला. आईच्या तोंडून आपल्या शोधाचं कौतुक त्याला ऐकायचं होतं.

"पोऱ्यानी करेल पातं एक धुनं बी टिकनं नही," सुंदराबाई म्हणाल्या, "तरी शेठनी त्याले कामवर ठेवं. देवमानूस शे बिचारा."