राजाजीनगरातली होडी

अण्णा जाधवांनी माझ्या दारावर पहिल्यांदा टकटक केली, ती आत येण्यासाठी नव्हे. मी दार उघडलं, तर पन्नाशीचा एक गृहस्थ चौकटीला कान लावून उभा!

"स्वल्प थांबा," ते म्हणाले आणि खाली वाकून उंबऱ्यावर पुन्हा बोटाच्या पेरानं ठोकलं. "आतनं कुजलंय. वरनं रंग मात्र छान दिलाय हं. तुम्ही नवीन काय?"

नवीनच होतो. साठ सालच्या आसपासची गोष्ट. विमानाच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली म्हणून पुण्याहून बंगळूरच्या राजाजीनगरात येऊन पडलो होतो. अण्णा शेजारी राहायचे आणि त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळुरातलं. "आमचं मराठी जुनं, जोशी. तुमचं आत्ताचं," असं ते मला ऐकवायचे.

ठोकून बघायची त्यांना खोडच होती. नारळ, फणस, बाकडी, देवळाचा खांब, काही सुटायचं नाही. एकदा बोलता बोलता माझं कपाळही ठोकलं. काय ऐकू आलं ते सांगितलं नाही, नुसतं कानडीत "सरी, सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाले. मी बरेच दिवस त्याच काळजीत होतो.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या अंगणात पालथं पडलेलं होतं. अलसूरच्या तळ्यावर कुणीतरी मोडीत काढलेली एक वल्ह्यांची होडी त्यांनी बैलगाडीत घालून घरी आणली होती. तळाच्या फळ्या कुजलेल्या, आणि फळ्यांखालून लांबवर जाणारे, सगळा भार पेलणारे वासे तर चिमटीत चुरा व्हायचे. आता हा माणूस पाण्याला इतका भ्यायचा की आंघोळीचा तांब्या डोळे मिटून ओतायचा! पोहणं तर सोडाच, तळ्याकाठानं जायचं झालं तरी एक गल्ली आतून जायचा.

"मग होडी कशाला, अण्णा?"

"मासे धरायला."

मासे ते खात नसत. काटा अडकेल म्हणून.

अण्णांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, माहेर मालवणकडचं, खाडीकाठचं. लग्न होऊन इकडे आल्या त्या आल्याच. माहेरचा विषय निघाला की "आता कोण आहे तिथं!" म्हणून उठून जायच्या. होडीकडे त्या ढुंकून बघत नसत. बघितलं तर पापड वाळत घालायला. "सवत आणली असती तर निदान धुणं तरी धुतलं असतं," म्हणायच्या. अण्णा मात्र दर फळीला त्यांना विचारायचे, "ही बरी वाटते काय गं?" त्या म्हणायच्या, "मला काय विचारता? मी काय सुतार आहे?"

घरमालक बसप्पा एक दिवस येऊन सांगून गेला की संक्रांतीनंतर हे लाकूड अंगणात दिसलं तर तो फोडून बंबात घालणार. माणूस शब्दाचा पक्का होता. त्यानं आधीच्या भाडेकरूचा पाळणा जाळला होता. अण्णांचा चेहरा पडला. त्याच संध्याकाळी त्यांनी माझी फळी ठोकून बघितली, म्हणजे मला मदतीला बोलावलं.

मी छाती फुगवून गेलो. असले वासे विमानाच्या पोटातही असतात, त्यांना आम्ही स्ट्रिंगर म्हणायचो आणि मी ते रोज कागदावर काढायचो. खरा स्ट्रिंगर हातात धरण्याचा योग मात्र आला नव्हता. अण्णांनी कारखान्याच्या भंगाराच्या लिलावातून एपॉक्सी नावाच्या चिकट राळेचे डबे आणि काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड मिळवलं होतं. नवे वासे बसवायचे, त्यावर नव्या फळ्या, मग एपॉक्सीत ते कापड भिजवून सगळ्यावर चिकटवायचं, की पाणी आत शिरत नाही. एपॉक्सी दोन डब्यांत येते. एक मिसळली की दुसरी घट्ट होते.

"म्हणजे विरजणच की!" मी म्हणालो.

इथंच घोटाळा झाला. पौषातली थंडी कडाक्याची. पुण्याला थंडीत आई दुधाला विरजण अंमळ जास्तच लावायची आणि भांडं गुंडाळून ठेवायची. मी दुसऱ्या डब्यातलं दुप्पट ओतलं. अण्णांनी "प्रमाण लिहिलंय हो त्यावर" म्हटलं, तर मी त्यांना केमिस्ट्री समजावली! वहिनींच्या लाटण्यानं कापडातले बुडबुडे काढले, खाली शेगडी ठेवली आणि वर घरातली एक गोधडी पांघरली.

सकाळी बघतो तर तळाचा नुसता गूळ झालेला. दुप्पट घातल्यानं ती घट्ट होण्याऐवजी कायमची चिकट राहते, हे मला नंतर कळलं. गोधडी तळाला चिकटली होती आणि ओढायला गेलेले अण्णा धोतरासकट गोधडीला. त्यांनी तशा अवस्थेतही पेरानं ठोकलं. "आवाजच नाही, जोशी," ते म्हणाले.

वहिनी बाहेर आल्या. "माझ्या आईची गोधडी!" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मी ओशाळून म्हणालो, "अण्णा, जाऊ द्या ना. होडीवाचून तुमचं अडलंय कुठं?"

"अडलंय," ते म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवला तो तेवढाच.

मग आम्ही खरवडलं. उलथन्यानं, काचेनं, नखांनी. गोधडीचा हिरव्या चौकड्यांचा एक तुकडा काही केल्या निघेना. अण्णांनी त्याच्यावरच नवं कापड अंथरलं, या वेळी मला डब्यांपासून लांब उभं करून. एपॉक्सी प्यायल्यावर ते पांढरं कापड काचेसारखं आरपार झालं आणि खालच्या हिरव्या चौकड्या लख्ख दिसू लागल्या.

संक्रांतीच्या सकाळी होडी अलसूरच्या तळ्यात उतरली. तरंगली! मी टाळ्या वाजवल्या, पण अण्णांचं लक्ष होडीकडे नव्हतंच. ते वहिनींकडे बघत होते. "तुझे बाबा गेले, भावांनी त्यांची खाडीवरची होडी विकून टाकली," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या दिवसापासनं तू पाण्याचं नाव काढलं नाहीस. ही स्वल्प लहान आहे. चालेल काय?"

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. कपाळ ठोकल्यावर त्यांना काय ऐकू आलं असेल तेही समजलं.

वहिनी वाकल्या. हिरव्या चौकड्यांवर हात फिरवला, मग बोटाच्या पेरानं ठोकून कान लावला. "सरी," म्हणाल्या. पदर खोचला, एका पावलात आत गेल्या आणि वल्ही हातात घेतली. अण्णांनीही देवाचं नाव घेत पाय टाकला आणि मटकन खाली बसले. डोळे गच्च मिटलेले, हात दोन्ही काठांवर.

होडी सरळ तळ्याच्या मध्यावर निघाली. काठावरून मला वहिनींचा आवाज ऐकू आला. तोवर त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेली त्यांची माहेरची बोली होती.

"घाबरू नकात," त्या म्हणत होत्या. "मी आसंय ना."