धाकोजी जासुदाच्या उन्हाच्या तालमीची हकीकत

श्रीसूर्यनारायणास सावलींतूनच दंडवत. शके सोळाशें त्र्याहत्तर, प्रजापतिनाम संवत्सरे, डोंगरच्या राज्यांत थोर पराक्रम जाहला, तो जैसा जाहला तैसा लिहितों. सरहद्दीवर एक झरा. तो डोंगरचा कीं देशावरचा, हा निवाडा दरसाल वैशाखी पौर्णिमेस भर दुपारीं दहा कोस दौडीनें व्हावा, जिंकेल त्याचें वर्षभर पाणी, ऐसा उभयतां राजांचा करार. डोंगरचे गडी थंड हवेचे, त्यांस ऊन सोसेना. गुदस्तां सिदोजी जासूद वाटेंत पडोन मेला, आणि झरा गेला, आणि बायका तीन कोसांवरून पाणी वाहूं लागल्या. मग त्याचा धाकटा भाऊ धाकोजी पुढें होऊन बोलिला, "म्हाराज, यंदा मी धावतो." मग राजवैद्य नारोपंत बोलिले, "ऊन पाहुण्यासारखें. एकाएकीं आलें तर तारांबळ, रोज आलें तर घरचें होतें." आणि चवदा दिवस तालीम नेमिली, कीं रोज दुपारीं आंगावर कांबळें घेऊन धांवावें, थोडथोडें वाढवावें, पाणी मागेल तितकें द्यावें, भोंवळ येतां सावलींत आणावें. पहिले दिवशीं गडी ओकला आणि लोक हांसले कीं, "वैशाखात कांबळं! येड लागलं ह्याला." परंतु आठवे दिवशीं घाम लौकर सुटूं लागला, आणि नाडी संथ जाहली, आणि बारावे दिवशीं वैद्यांनी त्याच्या कपाळींचा घाम बोटानें चाखोन सांगितलें, "आळणी! गडी तयार."

हें ऐकोन कारभारी विसाजीपंत दरबारांत बोलिले, "घाम आळणी, म्हणजे सरकारचें मीठ याच्या आंगीं उरलें नाहीं. हा फितूर होणार." तेव्हां वैद्य हांसोन बोलिले, "पंत, मीठ सांडील त्याचा घाम खारट. यानें खाल्लें मीठ आंत राखिलें. मिठाला जागणें आणखी कैसें असतें?" महाराज बहुत संतोषले आणि विडा धाकोजीसच दिला.

दौडीचे दिवशीं देशावरला मायाजी पहिल्यापासोन पुढें होता. उन्हांतच जन्मलों, मज पाणी कशास, ऐसा त्याचा तोरा. मग झरा अर्ध्या कोसावर राहिला तों तो कोसळला, आणि धाकोजी एका चालीनें येऊन झऱ्यास शिवला, आणि नौबत वाजली, आणि महाराज शेला देऊं लागले. तों हा घागर भरोन खांद्यावर घेऊन त्याच उन्हांत उलटा धांवला. लोक ओरडले, "आरं, जितलास की! कुठं निघालास?" तो बोलिला, "दादापाशी कुणी पाणी घेऊन धावलं न्हाई." आणि मायाजीस भिजवोन, पाजोन, पाठीवर घालोन घेऊन आला. धन्य तो गडी! लिहितांना आमचेही डोळे भरले.

सारांश, झरा डोंगरास मिळाला, मायाजी वांचला. करार दहा कोसांचा होता. धाकोजी अकरा धांवला.